जुनी अमेरिकन टीन मासिकं आणि टीव्हीचे तारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे 1960 आणि 70 च्या दशकांतले अमेरिकन टीन मासिकांचे, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या मासिकांचे, अंक आहेत. पहिला अंक न्यू जर्सीच्या मावसबहिणीने पाठवला. शेजारच्या गराज सेलमध्ये एका खोक्याच्या तळाशी तिला तो सापडला होता. तेव्हापासून घरी येणारे लोक आणि ओळखीचे संग्राहक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही नेमकी कोणती मासिकं?

मुख्य नावं दोन. 'सिक्स्टीन' हे न्यूयॉर्कचं मासिक 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं आणि 2001 मध्ये बंद पडलं. 'टायगर बीट' हॉलिवूडचं, 1965 च्या सप्टेंबरात निघालेलं. ते काढणारे चार्ल्स लॉफर आधी हायस्कुलात शिक्षक होते. लॉइड थॅक्स्टन हा टीव्हीवरच्या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमाचा लाडका सूत्रधार त्यांच्यासोबत होता, आणि सुरुवातीला मुखपृष्ठावर मासिकाच्या नावासोबत त्याचंही नाव असायचं. लॉफर यांच्याच कंपनीने पुढे 'फेव्ह' आणि 'राइट ऑन' काढली. याशिवाय 'फ्लिप', 'डेटबुक' वगैरे बरीच होती. जर्मनीत 1956 पासून 'ब्राव्हो' आणि ब्रिटनमध्ये 1971 पासून 'लुक-इन' होतं, पण माझा अभ्यास अमेरिकन अंकांपुरता आहे, म्हणून इथे त्यांच्याबद्दलच लिहिते.

वाचक कोण होते?

बहुतेक मुली, साधारण दहा ते चौदा वर्षांच्या. मासिकाचं नाव 'सिक्स्टीन' असलं तरी सोळा वर्षांच्या मुली तोवर पुढे निघून गेलेल्या असत. आठवड्याला मिळणारे खाऊचे पैसे साठवून, कोपऱ्यावरच्या औषधांच्या नाहीतर किराणा दुकानातल्या स्टँडवरून अंक घ्यायचा, आणि मग तो मैत्रिणींत फिरायचा.

या वयाच्या मुलीला काय वाटतं, हे त्या काळी दुसरं कुणी फारसं विचारत नव्हतं. घरात ती लहान आणि शाळेत ती अनेकांतली एक. या मासिकांत मात्र सगळा मजकूर थेट तिला उद्देशून लिहिलेला असे: 'तू', 'तुला', 'तुझ्यासाठी'. भाषा उत्साहाने उतू जाणारी, प्रत्येक वाक्यामागे उद्गारचिन्ह. मोठ्या माणसाला ते वाचताना दम लागतो, हे मी मान्य करते. पण ते मोठ्या माणसासाठी लिहिलेलंच नव्हतं.

सिनेमाचे सोडून टीव्हीचे तारे का?

सिनेमाचा नट वर्षातून एखाद-दोनदा भेटतो. टीव्हीवरचा मुलगा दर आठवड्याला, ठरल्या वाराला, ठरल्या वेळी बैठकीच्या खोलीत येतो. तो घरातलाच वाटू लागतो.

आणि तो अर्ध्या तासात निघूनही जातो, ही यातली खरी गोष्ट आहे. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. भाग चुकला की चुकला, पुन्हा दाखवतील तेव्हाच. चित्र थांबवून नीट बघायची सोय नव्हती. एखाद्या चेहऱ्याकडे मनसोक्त बघायचं, तर हातात धरता येईल असा छापील फोटो हाच उपाय होता. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोंवर ही मासिकं का चालायची, ते यातून कळतं.

सुरुवात 1950 च्या दशकातच झाली. फिलाडेल्फियातला 'अमेरिकन बँडस्टँड' हा नाच-गाण्यांचा कार्यक्रम 1957 च्या ऑगस्टपासून देशभर दिसू लागला. त्यात रोज नाचायला येणारी शाळकरी मुलंमुलीसुद्धा इतकी प्रसिद्ध झाली, की त्यांच्यावर लेख येऊ लागले. मग '77 सनसेट स्ट्रिप'मधला सतत कंगवा फिरवणारा एड बर्न्स आला, 'डॉ. किल्डेअर'चा रिचर्ड चेम्बर्लेन आला, 'द मॅन फ्रॉम अंकल'मधला सोनेरी केसांचा डेव्हिड मॅकॅलम आला. 1966 मध्ये टीव्ही मालिकेसाठी जमवलेला चौघा तरुणांचा गायकगट, मंकीज, आला आणि सगळ्याचाच वेग बदलला.

'आवडता रंग कोणता', 'डोळे कुठल्या रंगाचे', असले प्रश्न कशासाठी?

हा प्रश्न बहुधा हसत विचारला जातो, आणि दरवेळी मला वाईट वाटतं. त्यामागे अगदी साधं कारण आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत टीव्ही कृष्णधवल होता. कार्यक्रम रंगीत प्रक्षेपित होऊ लागले, तरी रंगीत संच घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं. निम्म्या घरांत रंगीत संच पोचायला 1970 च्या दशकाची सुरुवात उजाडली. म्हणजे दर सोमवारी मंकीज बघणाऱ्या कितीतरी मुलींना त्यांच्यातल्या डेव्ही जोन्सच्या डोळ्यांचा रंग पडद्यावर दिसतच नव्हता. तो मासिकातूनच कळायचा. ज्यांनी आपल्याकडे 1982 च्या आधीचा दूरदर्शन पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ग्लोरिया स्टेव्हर्स कोण होत्या?

त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायला हवं, आणि मराठीत तर त्यांचं नावही कुठे दिसत नाही. मूळच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या. न्यूयॉर्कला मॉडेल म्हणून काम केलं, आणि मग 'सिक्स्टीन'च्या कचेरीत वर्गणीदारांची टपाल उघडण्याच्या साध्या कामावर लागल्या. 1958 मध्ये त्या संपादक झाल्या आणि 1975 पर्यंत राहिल्या.

टपाल उघडता उघडता त्यांनी ती वाचली, हे त्यांचं मोठेपण. पाकिटामागून पाकीट फोडताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलींना सिनेमाच्या धंद्यातल्या बातम्या नको आहेत. हा मुलगा सकाळी काय खातो, त्याला कशाची भीती वाटते, कसली मुलगी आवडते, माझ्यासारखी चालेल का, हे त्यांना हवं आहे. मुलाखतींचे प्रश्न त्यांनी या पत्रांमधूनच उचलले. फोटोही पुष्कळदा स्वतःच काढत. मुखपृष्ठाची त्यांच्या काळातली तऱ्हा कुणी एकदा पाहिली की विसरत नाही: फोटोतून कापलेली मोठाली डोकी चितारलेल्या चिमुकल्या धडांवर बसवलेली, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत मथळे कोंबलेले.

कुठला नवा चेहरा चालणार हे त्यांना टपालावरून आधी कळायचं. टीव्ही कंपन्या आणि रेकॉर्ड कंपन्यांचे लोक त्यांच्याकडे येत ते त्यासाठी. 1983 मध्ये त्या गेल्या.

मासिकं आणि टीव्ही कंपन्या यांचं साटंलोटं होतं का?

व्यवहार होता, आणि तो उघड होता. 'द मंकीज' ही मालिका 12 सप्टेंबर 1966 ला एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि 1968 च्या मार्चमध्ये संपली. भाग फक्त 58. ती स्क्रीन जेम्स या कंपनीची. गायक-नट बॉबी शर्मनची 'हिअर कम द ब्राइड्स' आणि 1970 मध्ये सुरू झालेली 'द पार्ट्रिज फॅमिली' याही त्याच कंपनीच्या. लॉफर यांनी कंपनीशी करार करून मंकीजवर वेगळं मासिक काढलं, पुढे पार्ट्रिज कुटुंबावर काढलं. अंकात दिसणाऱ्या जाहिरातींतल्या बऱ्याच स्वतः प्रकाशकाच्याच असत: फॅन क्लबची वर्गणी, फोटोंचे संच, पोस्टर. कूपन कापायचं, पैसे पाकिटात घालायचे आणि टपालाची वाट बघायची.

छापलेलं सगळं खरं असायचं का?

नाही. सगळ्यात मोठी लपवाछपवी लग्नांबद्दल होती. डेव्ही जोन्सने 1967 च्या डिसेंबरात लग्न केलं आणि ते बराच काळ चाहत्यांपासून लपवून ठेवलं. बातमी फुटली तेव्हा मुलींना ती फसवणूक वाटली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. महिनोन्‌महिने 'डेव्हीला तुझ्यासारखी मुलगी हवी आहे' असं छापलं जात होतं. रिचर्ड चेम्बर्लेन समलिंगी होते हे त्यांनी स्वतः 2003 मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर सांगितलं. किल्डेअरच्या काळात ते उघड झालं असतं तर कामच संपलं असतं. त्यांच्या बाबतीत मासिकांचं गप्प राहणं मी वेगळ्या तराजूत तोलते.

मथळे ओरडणारे आणि लेख साधा, हेही नेहमीचं. 'डेव्हिडचं भयंकर गुपित!' म्हणून पान उलटावं, तर त्याला सर्दी झालेली असायची.

पण एक नियम बहुतेक सगळे पाळत: कुणाची बदनामी छापायची नाही. दारू, मादक पदार्थ, भांडणं, काहीच नाही. म्हणून इतिहासाचं साधन म्हणून हे अंक वाचताना, तारे कसे होते याचा पुरावा त्यांत शोधू नका. मुलींना ते कसे हवे होते, याचा पुरावा मात्र पानोपानी आहे.

सगळे तारे एकाच साच्यातले होते का? देखणे, कोवळे, गोरे?

साचा होता खरा. डेव्हिड कॅसिडी हे त्याचं टोक: वीस वर्षांचा, खांद्यावर रुळणारे केस, 'पार्ट्रिज फॅमिली'त गाणारा थोरला भाऊ. त्याच्या आईचं काम करणाऱ्या शर्ली जोन्स खऱ्या आयुष्यात त्याच्या सावत्र आई होत्या. बॉबी शर्मनही साच्यातलाच, पण 'हिअर कम द ब्राइड्स'मधला त्याचा जेरेमी अडखळत बोलायचा, आणि मुलींना तो त्यासकट आवडला होता.

साचा मोडणारे तर फारच मजेदार. जोनाथन फ्रिड 1967 मध्ये 'डार्क शॅडोज' या दुपारच्या मालिकेत बार्नाबस कॉलिन्स नावाचा रक्तपिपासू पिशाच्च म्हणून आले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. रंगभूमीवर शेक्सपिअर करणारा, गंभीर चेहऱ्याचा कॅनेडियन नट. भूमिका थोड्या दिवसांची ठरली होती. पण मुलं शाळेतून धावत घरी येऊन मालिका बघू लागली, 'सिक्स्टीन'कडे पिशाच्चाची चौकशी करणारी पत्रं येऊ लागली, आणि बापाच्या वयाचे फ्रिड गायक मुलांच्या शेजारी मुखपृष्ठावर झळकले.

कृष्णवर्णीय तारे मात्र या मासिकांत फार थोडे दिसत, ही त्यांची मोठी उणीव. 1971 मध्ये 'राइट ऑन' निघालं ते जॅक्सन फाइव्ह या कृष्णवर्णीय भावांच्या गायकगटाची लोकप्रियता बघून. त्याच साली ती पाच भावंडं शनिवारी सकाळच्या कार्टून मालिकेतही आली. 'राइट ऑन' पाहून पहिल्यांदाच कितीतरी मुलींना आपल्यासारखे केस आणि आपल्यासारखी कांती असलेला मुलगा भिंतीवर लावता आला.

स्पॉकला लिहिलेल्या पत्राची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका. ते 1966 च्या सप्टेंबरात सुरू झालं. आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आलं, त्यामुळे लेनर्ड निमॉय यांनी केलेला टोकदार कानांचा स्पॉक पुष्कळ मराठी घरांना माहीत आहे. आई माणूस आणि बाप व्हल्कन या परग्रहावरचा, असा तो अर्धामुर्धा.

1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मुलीने 'फेव्ह' मासिकाच्या पत्त्यावर थेट स्पॉकला पत्र लिहिलं. निमॉय यांना लिहिलं नाही, स्पॉकला लिहिलं. तिची आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. ती म्हणते, तूही दोन कुळांचा आहेस, म्हणून तुला त्रास झाला आहे. मला गोरी मुलं आपली मानत नाहीत, काळी मुलंही मानत नाहीत. मला कधीच मैत्रिणी मिळणार नाहीत असं वाटतं.

काळ लक्षात घ्या. वेगळ्या वंशाच्या व्यक्तीशी लग्न करण्यावर बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या जूनमध्ये रद्द केले. त्याआधी अनेक राज्यांत या मुलीच्या आईवडिलांचं लग्न गुन्हा ठरलं असतं. तिचं पत्र त्या निकालानंतर वर्षभरात छापून आलं.

निमॉय यांनी उत्तर दिलं आणि ते चांगलं लांबलचक दिलं. सही मागणाऱ्यांना पाठवतात तसं छापील कार्ड पाठवून ते मोकळे झाले नाहीत. स्पॉक लहान असताना व्हल्कन मुलं त्याला कशी दूर ठेवत, याची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. दोन वाटा त्याच्यासमोर होत्या: सगळ्यांना आवडावं म्हणून स्वतःला मोडत राहायचं, किंवा आपली किंमत आपण ओळखायची आणि मग जे माणूस म्हणून जवळ येतील त्यांच्याशी मैत्री करायची. स्पॉकने दुसरी वाट धरली, तूही धर, असा त्या उत्तराचा सूर आहे. 'लवकर सगळं ठीक होईल' असं खोटं आश्वासन त्यांनी दिलं नाही.

हा मजकूर छापला गेला तो मुलाखती, फोटो आणि कूपनांच्या पानांमध्ये. एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राने त्या वयाच्या मुलीला इतकी जागा दिली असती का? म्हणून कुणी या मासिकांना रद्दी म्हटलं की मी आधी ही गोष्ट सांगते.

या वेडामुळे कुणाचं नुकसान झालं नाही का?

झालं. 26 मे 1974 ला लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये डेव्हिड कॅसिडीच्या कार्यक्रमात पुढे रेटारेटी झाली, शेकडो मुली जखमी झाल्या आणि एक चौदा वर्षांची मुलगी काही दिवसांनी दगावली. चौदा वर्षं, म्हणजे अगदी या मासिकांच्या वाचकाचं वय. तिला आठवल्याशिवाय या विषयावर लिहू नये असं मला वाटतं. दोष मी मुलींच्या प्रेमाला देत नाही. गर्दी आवरायची जबाबदारी मोठ्या माणसांची असते.

ताऱ्यांनाही त्याची झळ बसली. कॅसिडीने 1972 मध्येच एका मोठ्यांच्या मासिकाला मुलाखत देऊन ही गोड प्रतिमा आपल्याला जड झाल्याचं उघड सांगितलं होतं.

या ताऱ्यांचं पुढे काय झालं?

प्रत्येकाची कहाणी वेगळी. कॅसिडी 2017 मध्ये गेले. मंकीजपैकी जोन्स, टॉर्क आणि नेस्मिथ आता नाहीत. बॉबी शर्मन यांनी मात्र गाणं मागे ठेवून रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या सेवेचं प्रशिक्षण घेतलं आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांना प्रथमोपचार शिकवत राहिले. 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. एकेकाळी ज्यांना बघून मुली बेशुद्ध पडायच्या, ते पुढे बेशुद्ध पडलेल्यांना शुद्धीवर आणायला शिकले.

आपल्याकडे असं मासिक होतं का?

नेमकं असं नव्हतं. 'पार्ट्रिज फॅमिली' भरात होती तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता, तो 2 ऑक्टोबर 1972 ला आला. मुंबईतून निघणारं 'फिल्मफेअर' 1952 पासूनचं आणि 'स्टारडस्ट' 1971 चं, पण ती मोठ्यांसाठी आणि सिनेमाची. 'स्टारडस्ट'चा तर सूरच उलटा: टीन मासिकांत सगळं झाकलेलं, 'स्टारडस्ट'मध्ये सगळं उघडं.

पत्रं मात्र आपल्याकडेही तशीच आली. 1984 मध्ये 'हम लोग' सुरू झाल्यावर भागाच्या शेवटी बोलणाऱ्या अशोककुमार यांना प्रेक्षकांनी पोत्यांनी पत्रं लिहिली. त्यांत आपल्या पसंतीच्या लग्नासाठी 'आमच्या आईवडिलांना तुम्हीच समजावा' म्हणणारी तरुण मुलंमुलीही होती. त्या पत्रांसाठी किशोरवयीनांचं एखादं मासिक असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी खूपदा करते.

जुना अंक विकत घेताना काय पाहावं?

आधी पानं मोजा. विक्रेत्याला फोन करून किंवा लिहून विचारा: मधलं जोडपान आहे का? पिनांजवळ फाटलेल्या कागदाची कड दिसते का? भिंतीवर लावायचा फोटो काढून घेतला की त्याच्या जोडीचं दुसऱ्या अर्ध्यातलं पानही सैल होतं. माझी एकदा चांगलीच फसगत झाली. ऑनलाइन मागवलेल्या 'संपूर्ण' अंकात चार पानं नव्हती, आणि विक्रेत्याने नंतर उत्तरच दिलं नाही. आता मधल्या पिनांचा जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

मुखपृष्ठावरचा महिना आणि प्रत्यक्ष विक्रीचा महिना वेगळा असतो. अमेरिकन मासिकं पुढची तारीख घालून आधीच बाजारात येत. त्यामुळे 'जानेवारी'च्या अंकातला मजकूर पानगळीच्या दिवसांतला असू शकतो. कालक्रम लावताना हे विसरलं की घोळ होतो.

आपल्या हवेत हे अंक टिकतात का?

काळजी घेतली तर टिकतात. आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो, आम्लधर्मी होतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. ऊन आणि दमट हवा ही क्रिया भराभर पुढे नेतात. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंजाचा तांबडा डाग चार-पाच पानं खोल उतरतो.

मी असं करते: प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, ती शाईला चिकटतात. खोकं जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरा दिवसांनी बदलायच्या. ऑक्टोबरात ऊन कडकडीत असलं तरी अंक उन्हात टाकायचे नाहीत. पंख्याखाली, सावलीत, एकेक पान उलटत हवा द्यायची. त्याच वेळी कसर लागली आहे का तेही दिसतं. आणि सेलोटेप कधीही लावू नका. फाटकं पान फाटकंच राहू द्या.

कापाकापी केलेला अंक टाकून द्यावा का?

संग्राहक असा अंक घेत नाहीत, त्यामुळे तो स्वस्तात मिळतो. मी घेते.

मावसबहिणीने पाठवलेला तो पहिला अंक असाच आहे. एका पानावर फॅन क्लबचं कूपन होतं, तिथे आता चौकोनी भोक आहे. कात्री एका कोपऱ्यात घसरलेली दिसते, बहुधा बोथट होती. त्या भोकातून मागच्या पानावरचा बॉबी शर्मनचा अर्धा कान दिसतो. समासात निळ्या बॉलपेनने बेरीज केली आहे: आधी एक आकडा, त्याखाली टपालखर्च, मग रेघ आणि एकूण. एकूण पहिल्यांदा चुकलेलं, ते खोडून खाली पुन्हा, या वेळी बरोबर. दोनदा अधोरेखित केलेलं.